चार नंबरच्या साच्यातली बाटली

काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे रिजेक्टबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट हे नाव ज्याला सुचलं त्याच्या अकलेबद्दल तिचं मत जरा बरं होतं. बाकी कुणाच्याही अकलेबद्दल नव्हतं.

तिचं काम तपासणीचं. भट्टीतून निघालेल्या, निवलेल्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या. पट्ट्यामागे पांढरा दिवा आणि दिव्यासमोर उंच स्टुलावर ही. बुडबुडा दिसला, खडा दिसला, केसाएवढी चीर दिसली, मान जराशी कललेली दिसली, की हिचा हात पुढे जायचा आणि बाटली शेजारच्या लोखंडी पेटीत खळकन फुटायची. मिनिटाला चाळीस बाटल्या, आठ तास. इतकी वर्षं खोट काढत बसल्यावर डोळ्याला दुसरं काही दिसेनासं होतं. कुणाच्या लग्नाला गेली तरी नवरीकडे बघून म्हणायची, "डावा खांदा उतरलाय." बारशाला गेली तर बाळाचे कान बघायची. नवरा त्याच कारखान्यात भट्टीवर होता, गरीब गाय. तो आजारपणात गेला तेव्हा भेटायला आलेल्यांना ती एवढंच म्हणाली, की डॉक्टर बावळट होता.

पण सगळ्या जगाला पुरून उरलेला तिचा खास तुच्छतेचा वाटा राखून ठेवलेला होता तो धाकट्या दिरासाठी.

दिराचं औषधांचं दुकान होतं. शिकलेला, बोलायला गोड, आणि आपण शिकलेलो आहोत हे समोरच्याने विसरू नये याची फार काळजी घेणारा. दुकानाच्या माळ्यावर जुन्या औषधांच्या काही बाटल्या सापडल्या, तिथून नाद लागला. मग भंगारवाले, पाडायला काढलेली घरं, रविवारचे बाजार. दहा वर्षांत त्याच्या घरातली मागची खोली भरून गेली. भिंतभर कपाटं, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि सगळ्यांची नोंद असलेली एक जाडजूड वही. वर त्याने कार्ड छापून घेतलं: 'काच-अभ्यासक'.

"अभ्यासक!" रिजेक्टबाई नवऱ्याला म्हणाली होती. "दिवसाला एकोणीस हजार बाटल्या माझ्या डोळ्यांखालून जातात. मला नाही कुणी कार्ड छापून दिलं."

पाहुणे आले की दीर हमखास म्हणायचा, "गंमत बघा. आमच्या वहिनी बाटल्या फोडतात आणि मी जपतो. एकाच घरात दोन्ही!" पाहुणे हसायचे. ती चहा प्यायची.

मग एक दिवस ती निळी बाटली आली.

एका फिरत्या दाढीवाल्या विक्रेत्याकडून दिराने ती घेतली होती. गडद निळी, सहा कोनी, अंगावर उभ्या धारा. जुन्या काळी विष अशा बाटलीत ठेवत. अंधारात हात पडला तरी धारा बोटांना लागाव्यात आणि माणूस सावध व्हावा, हा हेतू. समोर काचेतच उठावाची अक्षरं होती: पोटात घेऊ नये. दिराने सगळ्या घराला बोलावलं, पांढरे हातमोजे घातले आणि बाटली कापडातून अशी बाहेर काढली, जसं काही नुकतंच जन्मलेलं मूल.

"दीडशे वर्षं, वहिनी! तोंडाने फुंकलेली. घ्या, बघा. पण जपून हं, ही फोडायची नाही."

तिने बाटली हातात घेतली, आणि एका नजरेत ओळखली. तिसऱ्या अक्षराच्या पायाशी तांदळाच्या कणीएवढा काचेचा काटा होता. चार नंबरचा साचा! कारखान्याने एकदा शोभेच्या वस्तूंच्या दुकानासाठी 'जुन्यासारख्या' बाटल्या काढल्या होत्या. त्यात चार नंबरच्या साच्याला टवका गेला, आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक बाटलीवर तो काटा आला. तिने अख्खी खेप रिजेक्ट केली होती. फोरमन म्हणाला होता, "अहो बाई, शोभेची बाटली. ती अक्षरं वाचायला कोण बसलंय?" आणि खेप तिच्या नाकासमोरून गाडीत चढली होती. एकतीस वर्षांत तिचा शब्द डावलून गेलेली ती एकच खेप. स्वतःचा वाढदिवस ती विसरली असती, तो काटा नाही.

बाटलीच्या बुडावर कुणीतरी काचपेपर घासला होता. जुनेपणाचे ओरखडे म्हणे. सगळे एका दिशेला. फसवणारासुद्धा धड नव्हता.

"काय म्हणता वहिनी?" दिराने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली, आणि बाटली परत दिली.

त्या दिवसापासून तिला एक करमणूक मिळाली. दर भेटीत निळी बाटली बाहेर निघायची, दर वेळी तिचं वय पाच-दहा वर्षांनी वाढायचं, आणि दीर तिच्याबद्दल बोलताना डोळे मिटायचा. रिजेक्टबाई खुर्चीत बसून मनातल्या मनात इतकी हसायची की चहा निवून जायचा. दाढीवाल्यालाही गिऱ्हाईक चांगलं सापडलं होतं. तो वर्षा-दोन वर्षांनी यायचा आणि काहीतरी 'दुर्मीळ' ठेवून जायचा. दीर घ्यायचा. ती बघायची, ओळखायची, आणि "छान आहे" म्हणायची. अठरा वर्षं.

दीर गेला तो दुकानातच, काउंटरवर डोकं ठेवून. मागे राहिली धाकटी जाऊ. मऊ स्वभावाची बाई. रिजेक्टबाईच्या मते मऊ म्हणजे बिनकण्याची. तिच्या लेकीने चौथ्या मजल्यावर, लिफ्टच्या इमारतीत घर घेतलं होतं, आईला तिकडेच न्यायचं ठरलं, आणि जुनं घर महिन्याभरात रिकामं करायचं होतं. राहिल्या चारशे बाटल्या.

"वहिनी, उद्या एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येणार आहे," जाऊ फोनवर म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही नुसत्या बसा माझ्याजवळ."

ती जाऊन बसली. जाऊने सगळ्या बाटल्या पुसून टेबलावर, खाटेवर, खिडकीच्या कठड्यावर मांडल्या होत्या. निळी बाटली मधोमध, मखमलीच्या तुकड्यावर.

व्यापाऱ्याच्या आधी त्याचं अत्तर खोलीत आलं. मागून तो, पोटावर ताणलेला सदरा, बोटात जाड अंगठी, गळ्यात साखळीला भिंग. त्याने दोन फेऱ्या मारल्या, चारदोन बाटल्या उचलल्या, हुं हुं केलं, आणि निळ्या बाटलीपाशी येऊन थबकला.

"वा! ताई, ही मात्र चीज आहे. चिठ्ठीवर साहेबांनी दीडशे लिहिलंय? मी एकशेसाठ वर्षं म्हणेन." आणि त्याने त्या एकटीचा असा भाव सांगितला की जाऊचा चेहरा फुलला. "बाकीचं म्हणाल तर, राग मानू नका, जागा अडवणारा माल आहे. पण तुमच्या मागे व्याप नको. एकगठ्ठा सगळं उचलून नेतो. उद्या टेम्पो आणतो."

हा एक तर गाढव आहे नाही तर चोर, रिजेक्टबाईच्या मनात आलं. दोन्हींपैकी काहीही असता तरी ती गप्प बसली असती. गप्प बसायचा तिला अठरा वर्षांचा सराव होता. पण एवढ्यात त्याने भिंग बाटलीवर धरलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "या बघा मावशी, इकडे या, तुम्हाला दाखवतो. जुनी काच कशी ओळखायची असते."

मावशी! आणि जुनी काच कशी ओळखायची!

"ही आमच्या कारखान्यातली आहे," रिजेक्टबाई जागेवरून न हलता म्हणाली. "चार नंबरचा साचा. तिसऱ्या अक्षराच्या पायाशी काटा आहे बघा, त्याला भिंग लागत नाही. बुडाला काचपेपर मारलाय. पंचवीस वर्षांची आहे. तुमचा सदरा तिच्याहून जुना दिसतो."

व्यापारी चपापला नाही. त्याने भिंग शांतपणे सदऱ्याच्या आत सोडलं आणि दात दाखवले. म्हणजे गाढव नव्हता. निळ्या बाटलीचं लोणी लावून त्याला दुसरंच काहीतरी फुकटात न्यायचं होतं. रिजेक्टबाईला बाजी मारल्यासारखं वाटलं आणि तिने जाऊकडे पाहिलं.

जाऊ तिच्याकडेच बघत होती. व्यापाऱ्याकडे नाही, बाटलीकडे नाही.

"तुम्ही परवा या," जाऊ व्यापाऱ्याला म्हणाली. तो गेला. तिने दार लावलं, परत येऊन खाटेच्या कडेला बसली.

"कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"वहिनी, मला उगाच बोलायला लावू नका."

"पहिल्या दिवसापासून," रिजेक्टबाई म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"भावजींनी कधी सरळ विचारलं का? 'काय म्हणता वहिनी' म्हणजे काही विचारणं नव्हे, ते कौतुक मागणं झालं. त्यांना सगळं येत होतं ना? कार्ड छापलं होतं."

"त्यांनी नसेल विचारलं. मी विचारलं होतं." जाऊचा आवाज चढला नाही, त्यामुळेच तो जास्त ऐकू आला. "तुमच्या घरी आले होते मी. माझ्या बांगड्या मोडायच्या आदल्या दिवशी. म्हटलं, तो दाढीवाला तीन बाटल्या घेऊन आलाय, हे म्हणतात बांगड्या मोडू, तुम्ही एकदा बघता का? आठवतं, तुम्ही काय म्हणालात?"

तिला आठवत होतं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती, "अगं, तुझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं." आणि जाऊ गेल्यावर कितीतरी वेळ आपल्याच बोलण्यावर खूश होऊन बसली होती.

"ते मूर्ख होते," जाऊ म्हणाली. "मी संसार केलाय त्यांच्याबरोबर, मला तुम्ही सांगायची गरज नाही. मूर्खाला हसावं, त्यात काही नाही. पण तुम्ही अठरा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलात आणि मलाही हसलात. माझ्या बांगड्या जाताना हसलात."

रिजेक्टबाईने मखमलीवरची निळी बाटली अक्षरं भिंतीकडे करून ठेवली.

"आता एक करा," जाऊ उठत म्हणाली. "सगळ्या लावून द्या. खऱ्या इकडे, खोट्या तिकडे. आणि विकायचंही तुम्हीच. मला दुसरं कुणी नाही म्हणून सांगतेय. नाही तर तुम्हाला या खोलीत पाऊल टाकू दिलं नसतं."

दोन दिवस त्या दोघी त्या खोलीत होत्या. जाऊ दिवा धरायची आणि वहीत लिहायची. नंबर सोडून एक शब्द बोलायची नाही. रिजेक्टबाई एकेक बाटली दिव्यासमोर फिरवायची. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बाटलीच्या अंगावर एक शिवण उरते. जुन्या बाटलीचं तोंड हाताने बसवलेलं असतं, म्हणून ती शिवण ओठाच्या खालीच विरून जाते. यंत्राच्या बाटलीची शिवण ओठावरून थेट पलीकडे जाते. बुडाला, गरम बाटली धरायला चिकटवलेली लोखंडी सळई तोडल्याची खरखरीत खूण असली तर बाटली आणखी जुनी. खरी झीज वेडीवाकडी असते, कारण बाटली वर्षानुवर्षं कुठे कुठे सरकते, आणि सरकताना दिशा विचारत नाही.

हे सगळं तिला येत होतं, आणि तरी ते काम तिला नकोसं झालं. कारण ज्या ज्या गोष्टींसाठी तिने जन्मभर बाटल्या फोडल्या, बुडबुडे, कललेल्या माना, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ बुडं, त्या सगळ्या इथे किमतीच्या बाजूला जमा होत होत्या. 'वाकड्या मानेला जास्त पैसे देणारी ही जात,' ती पुटपुटली, 'सरळ माणसाला दारात उभं करणार नाही.' जाऊने पुढचा नंबर लिहिला.

बऱ्याचशा बाटल्या साध्या पण खऱ्या निघाल्या. औषधांच्या, तेलाच्या, गोळी अडकवलेल्या सोडावॉटरच्या. दिराला हे तरी जमलं होतं, भंगारातून त्याने उचललेलं फारसं चुकलं नव्हतं. चुकलं ते सगळं दाढीवाल्याकडून पैसे मोजून घेतलेलं. चोवीस बाटल्या तिने खोट्या म्हणून दाराशी लावल्या.

परवाच्या दिवशी व्यापारी आला. आता मावशी म्हणाला नाही, बाई म्हणाला. दाराशी लावलेल्या रांगेकडे बघत खाली वाकला आणि त्यातली एक बोटभर उंचीची, फिकट हिरवी दौत उचलली.

"ही इथे का?"

"तोंड बघा तिचं. घासलेलंसुद्धा नाही, नुसतं मोडून ठेवलंय. बोट कापेल. असला माल कुणी बाहेर पाठवेल का?"

व्यापारी हसला, या वेळी खरोखरचा. "बाई, शाईची दौत आहे ही. तेव्हा शाई स्वस्त आणि दौत शाईहून स्वस्त. तोंड घासत बसायला वेळ कुणाला होता? बूच ठोकलं की झालं. खरी आहे. साहेबांना ठकवणाऱ्याने चुकून एक खरी दिली बघा."

तिने दौत परत घेतली, शिवण पाहिली. ओठाच्या खालीच विरली होती. तिने स्वतः ही दौत हातात घेतली होती, आणि तोंड दिसल्यावर पुढचं बघायची तिने तसदीच घेतली नव्हती. तिने दौत खऱ्यांत नेऊन ठेवली. जाऊने वहीत खाडाखोड केली. त्या पेन्सिलीचा आवाज रिजेक्टबाईला जरा जास्तच मोठा वाटला.

मग सौदा सुरू झाला. पट्ट्यावर बसून तिने एक गोष्ट शिकली होती: जी बाटली बघायची तिच्याकडे बघायचं नसतं, कडेच्या नजरेने आख्खी रांग धरायची असते. तसंच तिने व्यापाऱ्याला धरलं. तो सगळ्या बाटल्या हाताळत होता, टिचक्या मारत होता, नावं ठेवत होता. फक्त कपाटाच्या खालच्या खणातल्या एका बसक्या, काळपट बाटलीकडे त्याने दोन्ही दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. वहीत दिराने तिच्यापुढे लिहिलं होतं, 'वाकडी. किरकोळ.' दिव्यासमोर धरली की ती काळी नाही, शेवाळासारखी हिरवी दिसायची. बुडाला सळईची खूण, आणि मान अशी कललेली की पट्ट्यावर असती तर रिजेक्टबाईने मान वळवायच्या आत फोडली असती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सगळं घ्या. ती खालची काळी तेवढी राहू द्या. माझ्या कुंडीत पाणी घालायला होईल."

"अहो, कशाला?" व्यापारी पटकन म्हणाला. फारच पटकन. "तीही टाका त्यात. एकटी ठेवून काय करता?"

"पाणी घालीन, म्हटलं ना."

"बाई, कुंडीसाठी नवी झारी आणून देतो तुम्हाला."

"झारीला काय मान वाकडी असते?"

व्यापाऱ्याने तिच्याकडे बघितलं. मग खाली बसला, अगदी फरशीवर, आणि घाम पुसला. "बोला," तो म्हणाला.

तासभर बोलणं चाललं. शेवटी काळ्या बाटलीचे वेगळे, बाकीच्यांचे वेगळे असे ठरले. हाती आलेली रक्कम चांगली होती. अठरा वर्षांत गेलेल्या पैशांची त्यातून भरपाई होत नव्हती, बांगड्या तर नाहीच नाही, पण त्याने पहिल्या दिवशी सांगितलेल्या भावाच्या ती बरीच वर होती. पैसे जाऊच्या हातात पडले. तिने ते मोजून पदराला बांधले आणि रिजेक्टबाईचे आभार मानले नाहीत.

दाराशी उरलेल्या तेवीस बाटल्यांकडे बोट दाखवून व्यापारी जाता जाता म्हणाला, "याही देऊन टाका. शोभेच्या म्हणून जातील."

"नको," जाऊ म्हणाली. "आज शोभेच्या म्हणून जातील, उद्या कुणीतरी त्या खऱ्या म्हणून कुणाच्या गळ्यात मारेल. त्याच्याही घरी कुणाच्या तरी बांगड्या असतील." आणि मग रिजेक्टबाईला, "तुम्ही फोडा. तुम्हाला सवय आहे."

मागच्या अंगणात गोणपाट पसरलं. रिजेक्टबाईने जाड हातमोजे घातले आणि एकेक बाटली हातोडीखाली घेतली. जाऊ दारात उभी राहून बघत होती. निळी बाटली सगळ्यात शेवटी आली. एवढी वर्षं ही बाटली फोडायला मिळावी म्हणून रिजेक्टबाईचे हात शिवशिवत होते, पण आता हातोडी उचलताना तिला त्यात मजा वाटली नाही. काटा अजून होता तिथेच होता. दीर हिच्याबद्दल बोलताना डोळे मिटायचा, एवढं तिला आठवलं. मूर्ख होता. पण त्याला ती आवडायची, आणि ती बाटली खरी नसली तरी आवडणं खरं होतं, हे तिला त्या वेळी कळलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी खोटी आहे म्हणून सांगून ती त्याच्या हातून काढून घेतली असती का? तिला सांगता येईना. तिने हातोडी मारली.

घर रिकामं झालं त्या दिवशी सामानाची गाडी पुढे गेली. जाऊ लेकीबरोबर मागच्या गाडीत बसली. "येते मी," ती म्हणाली. लेक म्हणाली, "काकू, या हं तिकडे." जाऊने काच वर केली.

रिजेक्टबाईने तीन महिने वाट पाहिली. फोन आला नाही. या तीन महिन्यांत तिने शेजारणीला, दूधवाल्याला आणि दवाखान्यातल्या नर्सला नावं ठेवून पाहिली, पण त्यात पूर्वीसारखी चव येईना. शेवटी एका दुपारी ती उठली, दोन बस बदलून त्या लिफ्टच्या इमारतीपाशी गेली, आणि चौथ्या मजल्यावरची बेल दाबली.

जाऊने दार उघडलं. बराच वेळ ती दाराला हात लावून नुसती बघत राहिली. तपासणीच्या पट्ट्यावर आपण बाटलीकडे बघायचो, तसं आपल्याकडे कुणी बघतं तेव्हा कसं वाटतं, हे रिजेक्टबाईला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

"मी चुकले," ती म्हणाली. हे वाक्य तिने बसमध्ये तयार केलं होतं. त्याच्या पुढे आणखी दोन वाक्यं होती, पण ती आठवेनात.

जाऊने तिच्या पायांकडे पाहिलं.

"चपला बाहेरच काढा," ती म्हणाली. "आत फरशी नवी आहे."

आणि दार उघडंच ठेवून ती आत गेली.